जन्मदाखला आणि सातबारा

रामटेक तालुक्यात चित्रनगरी होणार, अशी घोषणा झाल्यापासून नागपुरात एक वाद रंगला आहे आणि तो अत्यंत वाईट पद्धतीने लढला जातो आहे. एका बाजूला जन्मदाखल्याचे वकील आहेत. सुभाष घई नागपुरात जन्मले, राजकुमार हिरानी नागपुरात वाढले, म्हणजे आपल्या मातीत सिनेमा आहेच; स्टुडिओ उभा राहण्याचा अवकाश, पोरं मुंबईला जायची थांबतील, असा त्यांचा हिशेब. दुसऱ्या बाजूला सातबारा घेऊन बसलेली मंडळी. जमीन किती, कोणाच्या घशात जाणार, आणि रस्ते-पाणी सोडून नटनट्यांचे चोचले कशाला, एवढ्यावर त्यांचा युक्तिवाद संपतो. दोघांचे एका गोष्टीवर मात्र न बोलता एकमत आहे. सिनेमा म्हणजे जागा, असे दोघेही धरून चालतात. पहिल्यांना ती जागा हवी आहे, दुसऱ्यांना नको आहे.

मला हे मूळ गृहीतकच मान्य नाही. ज्या घईंचे नाव घेऊन चित्रनगरी मागितली जाते, त्यांचीच कारकीर्द नीट पाहिली तर मागणी वेगळी निघते. आधी शिकवणारी जागा, तालमीची जागा, तंत्रज्ञ घडवणारी जागा. शूटिंगचे बंदिस्त फ्लोअर आणि उघड्यावरच्या सेटचा बॅकलॉट त्यानंतर, आणि तेही गरज सिद्ध झाली तर.

घईंचा जन्म २४ जानेवारी १९४५चा, नागपूरचा. इथवर आपला हक्क. पुढचे सगळे दुसरीकडचे आहे. वडील दिल्लीत दंतवैद्य, कॉमर्सची पदवी रोहतकची, आणि मग पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये अभिनयाचे शिक्षण. होय, अभिनयाचे. हा माणूस नट व्हायला निघाला होता. १९६५च्या गाजलेल्या टॅलेंट स्पर्धेत राजेश खन्नांबरोबर त्याचीही निवड झाली होती. १९६९च्या ‘आराधना’त तो राजेश खन्नांच्या मित्राच्या भूमिकेत दिसतो, एकाच स्पर्धेतून आलेले दोघे, एकाच चौकटीत उभे, आणि एकाच्या वाट्याला देशभर वेड लागलेली लोकप्रियता तर दुसऱ्याच्या वाट्याला खांद्यावर हात ठेवण्याचे काम. १९७०च्या ‘उमंग’मध्ये नायकाची भूमिका मिळाली, पण गाडी पुढे सरकली नाही. नट म्हणून दारे बंद होत गेली तसे त्यांनी पटकथा लिहायला घेतल्या आणि १९७६मध्ये ‘कालीचरण’ दिग्दर्शित केला. त्यातला नायक शत्रुघ्न सिन्हा, हाही पुण्याच्या त्याच संस्थेतला.

नट म्हणून वाया गेलेली ती वर्षे खरोखर वाया गेली होती का? ‘कर्ज’, ‘हिरो’, ‘कर्मा’, ‘राम लखन’, ‘सौदागर’ पाहिलेल्या कोणालाही विचारा. कॅमेऱ्यासमोर उभे राहून जो अवघडला आहे, त्याला नटाचा चेहरा कुठे उजळतो ते कळते. ‘कर्ज’मध्ये तोंडातून शब्द न काढता पेल्यावर बोटे वाजवणारा सर जुडा, ‘कर्मा’तला थप्पड न विसरणारा डॉक्टर डँग: ही माणसे कागदावर लिहून होत नाहीत, नटाला काय हवे असते हे ठाऊक असलेला माणूसच ती उभी करतो. जॅकी श्रॉफ, मनीषा कोईराला, महिमा चौधरी यांना हिंदी पडद्यावर पहिली मोठी संधी त्यांनीच दिली. आपल्या सिनेमात क्षणभर दिसून जाण्याची त्यांची सवय म्हणजे त्या अपुऱ्या राहिलेल्या नटाची हजेरी होती, असे मला नेहमी वाटते. पुढे तोच भव्यतेचा सोस त्यांच्यावर उलटला. २००१च्या ‘यादें’पासून दृश्ये मोठी आणि माणसे लहान होत गेली, हेही तितकेच खरे. पण चांगल्या-वाईट सगळ्या प्रवासात नागपूरची जमीन कुठे आहे? कुठेच नाही. आहे ती पुण्याची एक शाळा, तिथले सोबती आणि पडलेल्या नटाला उद्योगात दुसरे काम शोधता येईल एवढी मुंबईत असलेली कामांची विविधता.

हिरानींवर आपला हक्क खरा आहे. फाळणीनंतर सिंधमधून आलेले कुटुंब, वडिलांचे नागपुरात टायपिंग इन्स्टिट्यूट, चार्टर्ड अकाउंटंट व्हावे ही घरची इच्छा आणि मुलाचे लक्ष कॉलेजच्या नाटकात. सीताबर्डी-धंतोलीत वाढलेल्या कोणालाही हे घर ओळखीचे वाटेल. त्यांनाही नटच व्हायचे होते. मुंबईच्या एका अभिनयशाळेत जाऊन आले, रमले नाहीत, परत आले. पुढे पुण्याच्या इन्स्टिट्यूटची वाट धरली तर अभिनयाचा अभ्यासक्रम तेव्हा बंद, दिग्दर्शनात शिरकाव कठीण. म्हणून संकलन घेतले. फेविकॉलच्या त्या ‘जोर लगाके’च्या जाहिरातीत दोर ओढणाऱ्यांत ते दिसतात, तेवढीच ती जुनी हौस. २००३मध्ये पहिला सिनेमा दिग्दर्शित करण्याआधी त्यांनी बरीच वर्षे दुसऱ्यांचे सिनेमे कापले-जोडले. आता सांगा, त्या मुलाला नागपुरात काय कमी पडले होते? वाड्याचा सेट की कोर्टरूमचा सेट? त्याला कमी पडले होते संकलनाचे टेबल आणि ते कसे चालवायचे हे सांगणारा माणूस. आज, संगणकावर घरबसल्या संकलन करता येण्याच्या काळातही, टेबल सगळीकडे आहे आणि सांगणारा माणूस नाही.

चित्रनगरी मागणाऱ्यांचे सगळ्यात बळकट म्हणणे अनुशेषाचे, म्हणजे विदर्भाच्या विकासातल्या साचलेल्या तुटीचे आहे आणि ते मी हलक्यात घेत नाही. १९५६पर्यंत नागपूर एका राज्याची राजधानी होती. राजधानीपण सोडून मराठी राज्यात यायचे तर काही हमी हवी, म्हणून १९५३चा नागपूर करार झाला. लोकसंख्येच्या प्रमाणात खर्च, नोकऱ्यांत वाटा, दरवर्षी विधिमंडळाचे एक अधिवेशन नागपुरात. १९८०च्या दशकात दांडेकर समितीने विदर्भाच्या तुटीचे आकडेच मांडले. त्यामुळे ‘गोरेगावला मिळाली, कोल्हापूरला मिळाली, मग आम्हाला काहून नाही?’ हा प्रश्न रडगाणे म्हणून उडवून लावता येत नाही. प्रश्न रास्तच आहे.

पण त्या करारातली कोणती गोष्ट नेमाने पाळली गेली, ते पाहा. अधिवेशन. इमारत आहे, आमदार निवास आहे, डिसेंबर आला की रंगरंगोटी होते, हॉटेले भरतात, मोर्चे टेकडी रोडला अडतात, पोह्याच्या गाड्यांचा धंदा तेजीत येतो. दोनेक आठवड्यांत फायली पेट्यांत भरून मुंबईला परत. सरकार नागपुरात येऊन जाते, निर्णयाची सवय नागपुरात राहत नाही. रामटेकची चित्रनगरी हे सिनेमाचे हिवाळी अधिवेशन होणार नाही, याची खात्री कोणी द्यायची? मुंबईहून युनिट येईल, कॅमेरामन त्यांचा, साउंड त्यांचा, मेकअपवालेही त्यांचे. आपल्या पोरांना गर्दीत उभे राहण्याचे पैसे आणि जेवणाचे पाकीट. अनुशेष भरल्याची नोंद सरकारी कागदावर होईल आणि तूट होती तिथेच राहील. अनुशेष मोजायचाच असेल तर विदर्भात ध्वनिमुद्रक किती, संकलक किती, पटकथा शिकवणारे किती, असा मोजा. तो आकडा जास्त बोचणारा निघेल.

दुसरे म्हणणे रोजगाराचे, आणि त्याला पुरावा म्हणून हैदराबादचे नाव येतेच. रामोजी फिल्म सिटी १९९६मध्ये सुरू झाली आणि आज तिचे नाव जगात आहे, हे कबूल. पण ती माळरानावर एकाएकी अवतरली नाही. तेलुगू सिनेमा आधी मद्रासमध्ये होता. त्याला हैदराबादेत आणण्यासाठी लोक आधी येऊन राहिले, सरकारने सवलती दिल्या, अक्किनेनी नागेश्वर राव यांच्यासारख्या आघाडीच्या नटाने १९७०च्या दशकात स्वतःचा अन्नपूर्णा स्टुडिओ उभारला. रामोजी रावांच्या हातात तोवर वृत्तपत्र होते, स्वतःची चित्रपट निर्मिती संस्था होती, म्हणजे फ्लोअर भरायला आपलेच काम होते. वीस-पंचवीस वर्षांची ही तयारी वगळून फक्त शेवटचे प्रवेशद्वार तेवढे आपण पाहतो. गोरेगावचेही तेच. दादासाहेब फाळके चित्रनगरी १९७७ची. मालाडला बॉम्बे टॉकीज १९३४मध्ये उभी राहिली होती. उद्योग आधी, नगरी चार दशकांनी. आणि उलट क्रमाने केले तर काय होते, ते कोल्हापूरने भोगले. ज्या गावाला बाबूराव पेंटर आणि भालजी पेंढारकर लाभले, त्या गावातली मोरेवाडीची चित्रनगरी वर्षानुवर्षे ओस पडून होती. अलीकडे तिथे पुन्हा हालचाल दिसते, चांगलेच आहे. पण परंपरा असलेल्या कोल्हापुरात नुसत्या भिंतींनी सिनेमा आला नाही, तर परंपरा घडवायची बाकी असलेल्या रामटेकात तो कसा येईल?

कोल्हापूरचा विषय निघालाच आहे तर व्ही. शांताराम यांच्याकडे जायलाच हवे. नटाचा दिग्दर्शक होतो कसा, याचे त्यांच्याइतके स्वच्छ उदाहरण मराठीत दुसरे नाही. बाबूराव पेंटर यांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत ते पडेल ते काम करणारा पोरगा म्हणून शिरले. पेंटरांनी कॅमेराही स्वतः घडवलेला. म्हणजे यंत्र बंद पडले तर उघडून पाहायचे, हीच तिथली रीत. पडदे रंगवणे, सामान वाहणे, प्रयोगशाळेत फिल्म धुणे, आणि गरज पडली की तोंडाला रंग लावून उभे राहणे. १९२५च्या ‘सावकारी पाश’मध्ये जमीन गमावून शहरात गेलेला तरुण शेतकरी त्यांनीच केला. १९२७मध्ये ‘नेताजी पालकर’चे दिग्दर्शन, १९२९मध्ये दामले, फत्तेलाल, धायबर आणि कुलकर्णी यांच्यासह ‘प्रभात’. हे बहुतेक भागीदार त्याच कारखान्यात तयार झालेले. पेंटरांकडे फार मोठा स्टुडिओ नव्हता, पण त्यांच्या हाताखालून गेलेल्यांनी पुढची पंचवीस वर्षे मराठी सिनेमा चालवला. आणि १९३३मध्ये ‘प्रभात’ कोल्हापूर सोडून पुण्याला गेली तेव्हा ही माणसे ज्ञान डोक्यात घेऊनच गेली; जमीन मागे राहिली. प्रभातच्या पुण्यातल्या त्याच वास्तूत १९६०मध्ये फिल्म इन्स्टिट्यूट सुरू झाले. घई तिथे शिकले, हिरानी तिथे शिकले. एका कारखान्याने दिलेले शिक्षण असे तीन पिढ्या पुरले.

‘पण हे शंभर वर्षांपूर्वीचे झाले, आता काळ बदलला’, असे कोणी म्हणेल. मग अगदी ताजे घ्या. ‘झुंड’चे शूटिंग २०१८च्या अखेरीस नागपुरात सुरू झाले तेव्हा इथे चित्रनगरी नव्हती. अमिताभ बच्चन आले, नागराज मंजुळे आले, आणि नागपूरच्या वस्त्यांमधली पोरे पडद्यावर आली. हिस्लॉप कॉलेजातल्या शिक्षकाने झोपडपट्टीतल्या मुलांना फुटबॉल दिला, ही मूळ गोष्टच इथली. त्या पोरांची बोली, चालणे, शिवी देण्याआधी मान वळवण्याची लकब, हे कुठल्या फ्लोअरवर मिळाले असते? त्यातल्या अंकुश गेडामला पदार्पणाचा फिल्मफेअर पुरस्कार मिळाला. मंजुळे स्वतः ‘फँड्री’त आणि ‘सैराट’मध्ये छोट्या भूमिकांत उभे राहिलेले दिग्दर्शक, नवख्या पोराकडून काम कसे काढायचे, हे त्यांना माहीत. युनिट निघून गेल्यावर नागपुरात काय राहिले, हा माझा प्रश्न आहे. अभिनयाची चव लागलेली, पण पुढे शिकायला जागा नसलेली पोरे. त्यांना आज कॅमेरा, प्रकाश, संकलन शिकायचे असेल तर मुंबई-पुण्याला खोली भाड्याने घ्यावी लागते, आणि खोलीचे भाडे परवडेल अशी ती पोरे नव्हेत. म्हणून तर ती त्या सिनेमात होती.

आणि तालमीचे म्हणाल तर शहरात मोठी सभागृहे आहेत. रेशीमबागेतले सुरेश भट सभागृह २०१७पासून आहे, सिव्हिल लाइन्सचे वसंतराव देशपांडे सभागृह आहे. प्रयोगाला जागा मिळते, तालमीला मिळत नाही. राज्य नाट्य स्पर्धेच्या दिवसांत हौशी संस्था शाळांच्या वर्गांत तालमी करतात. बाकं भिंतीला सरकवायची, फळ्यावरच्या गणिताखाली खडूने सेटची आखणी करायची, नायिकेचे वडील नेमके त्याच वेळी घ्यायला आलेले, आणि नऊ वाजले की चौकीदार दारात उभा राहून किल्ल्यांचा जुडगा हातातल्या हातात फिरवू लागतो. तिसरा अंक नेहमी कच्चा असतो त्याचे कारण लेखकात शोधू नका, त्या किल्ल्यांत शोधा. अशा तीन-चार तालीम खोल्या रात्री अकरापर्यंत उघड्या ठेवायला चित्रनगरीच्या कुंपणाच्या भिंतीइतकाही खर्च येणार नाही. पण तालीम खोलीचे भूमिपूजन होत नाही, म्हणून ती कोणाच्या यादीत नाही.

याच शहरातल्या पुरुषोत्तम दारव्हेकर मास्तरांनी रंजन कला मंदिर चालवले, मुलांसाठी-मोठ्यांसाठी नाटके लिहिली, बसवली आणि त्यातून १९६७मध्ये रंगभूमीवर आलेल्या ‘कट्यार काळजात घुसली’पर्यंत ते पोहोचले. त्यातला खाँसाहेब उभा करणारे वसंतराव देशपांडेही विदर्भाचेच. २०१५मध्ये ‘कट्यार’चा सिनेमा केला तो सुबोध भावे या नटाने. दिग्दर्शक म्हणून त्याचा तो पहिला सिनेमा आणि त्याआधी तेच नाटक त्याने रंगमंचावर बसवलेले होते. त्याने तो उत्तम केला, त्याबद्दल तक्रार नाही. पण नागपुरी मास्तरांच्या संहितेकडे हात घालण्याची हिंमत आणि तयारी अठ्ठेचाळीस वर्षांत नागपुरातल्या एकाही नटाला का झाली नाही? नट कमी होते म्हणून? मुळीच नाही. रंगमंचावरून कॅमेऱ्यामागे जायचा जिनाच इथे कधी बांधला गेला नाही.

झाडीपट्टी रंगभूमीचा तर या वादात उल्लेखही होत नाही, आणि हा मला सगळ्यात मोठा करंटेपणा वाटतो. गडचिरोली, चंद्रपूर, भंडारा, गोंदिया या पट्ट्यात दिवाळीनंतर मंडई म्हणजे गावजत्रा आणि शंकरपट म्हणजे बैलांच्या शर्यती सुरू झाल्या की रात्र-रात्र नाटक चालते. गडचिरोली जिल्ह्यातल्या वडशाच्या बाजारात फेरी मारा. एकामागून एक नाट्यमंडळांची कार्यालये, दारावर नटनट्यांचे फोटो छापलेले फ्लेक्स, आत प्लास्टिकच्या खुर्चीवर बसलेला व्यवस्थापक, समोर तारखांची वही. गावातली चार पोरे येतात, शंकरपटाची तारीख सांगतात, विनोदी नट कोण येणार यावर घासाघीस होते, इसार टेबलावर पडतो. रात्री दहा-अकराला पडदा उघडतो, पहाटे पडतो, आणि ऑर्गन-तबल्यासह सगळी मंडळी गाडीत बसून दुसऱ्या गावाला. प्रेक्षक तिकीट काढून येतो. झाडीपट्टीच्या परशुराम खुणे यांना २०२३मध्ये पद्मश्री मिळाली तेव्हा नागपूरच्या सांस्कृतिक वर्तुळात अनेकांनी ‘हे कोण?’ म्हणून विचारले असेल, अशी मला शंका आहे. ज्या उद्योगात नट आहेत, लेखक आहेत, वादक आहेत, स्वतःच्या खिशातून पैसे देणारा प्रेक्षक आहे, तो सव्वाशे-दीडशे किलोमीटरवर असताना आपण रामटेकला कोऱ्या जागेवर सिनेमा पेरायला निघालो आहोत.

आता माझ्याच म्हणण्यावरचा आक्षेप. शिक्षणसंस्था मागितली तरी शेवटी प्रश्न जमिनीवरच येतो, आणि त्याचा वाईट अनुभव घईंच्याच निमित्ताने महाराष्ट्राने घेतला आहे. गोरेगावच्या चित्रनगरीतल्या वीस एकरांवर सरकारी महामंडळाच्या भागीदारीत त्यांनी व्हिसलिंग वुड्स ही संस्था २००६मध्ये सुरू केली. संस्था नावारूपाला आली. पण जमीन ज्या पद्धतीने दिली गेली, त्यावर २०१२मध्ये मुंबई उच्च न्यायालयाने बोट ठेवले, करार रद्द केला, जमीन परत करायला सांगितले. सर्वोच्च न्यायालयातही अपील टिकले नाही. सातबारावाल्यांचा संशय त्यामुळे निराधार नाही, हे मान्यच करतो. ज्या माणसाला सरकारी संस्थेत शिकायला मिळाले त्याने काढलेली शाळा मात्र लाखांची फी भरू शकणाऱ्यांचीच झाली, हेही टोचते. म्हणूनच रामटेकच्या कागदपत्रांत पाहायची कलमे वेगळी आहेत. एकर किती, हे नंतर पाहू. फी कोण ठरवणार, स्थानिकांना किती जागा, बाहेरून येणाऱ्या प्रत्येक युनिटने इथले किती शिकाऊ तंत्रज्ञ घ्यायचे आणि न घेतल्यास भाड्यात काय फरक पडणार, हे कलम आहे का? नसेल तर ती चित्रनगरी नव्हे, ते रिसॉर्ट आहे.

शिकवले तरी पोरे मुंबईलाच जाणार, हा आक्षेप मला सगळ्यात कमी पटतो. जाऊ द्या ना! पुण्यात शिकलेले घई मुंबईला गेले म्हणून पुण्याचे काही बिघडले नाही. त्या इन्स्टिट्यूटच्या आधाराने तिथे १९६४मध्ये चित्रपट संग्रहालय आले, सिनेमा पाहणारा आणि त्यावर भांडणारा वर्ग तयार झाला. शंभरातले नव्वद जातील, दहा राहतील, आणि त्या दहांत एखादा ध्वनिमुद्रक वडशाच्या नाट्यमंडळाकडे लग्नाच्या बँडवाल्याचे कर्णे आहेत त्या जागी धड माइक बसवून देईल. सुरुवात करायला भूमिपूजनाची वाट पाहण्याचेही कारण नाही. झाडीपट्टीचा हंगाम होळीच्या आसपास उतरतो आणि धानाची रोवणी जुलैत लागते. मधल्या तीन महिन्यांत नटही मोकळे असतात आणि शाळांचे वर्गही.